भृंगराजाची मानाची फांदी

एका जंगलात, मुलांनो, झाडांपेक्षा कवी जास्त झाले होते.

तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? अहो, झाड व्हायला माती लागते, पाणी लागतं, वर्षं लागतात. कवी व्हायला एक संध्याकाळ पुरते. म्हणून झाले. त्या जंगलात ससा भेटला तरी आधी चतकोर कविता ऐकवायचा आणि मग पळायचा. वाघ शिकारीला निघाला, तर हरणं त्याला म्हणायची, थांबा, शेवटचं कडवं राहिलंय. मग वाघच मागच्या मागे पसार व्हायचा.

कवी वाढले की कशाची टंचाई होते? कागदाची नाही. जागेची. कवीला बसायला उंच जागा लागते. जंगलाच्या मधोमध एक जुना उंबर होता आणि त्याची एक आडवी, जाडजूड फांदी होती. तिला सगळे मानाची फांदी म्हणायचे. जो फांदीवर बसला तो मोठा कवी. जो खाली गवतात बसला तो होतकरू. होतकरू म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? ज्याला होऊ द्यायचं नसतं, तो.

फांदीवर त्या वेळी तिघे होते. एक बगळेशास्त्री. हे एका पायावर उभं राहून चिंतनाच्या कविता करायचे. दुसरे मोरेश्वरराव मोर. यांच्या कविता प्रेमाच्या. तिसरे भाई तरसे, म्हणजे तरस. हे क्रांतीचे कवी. आता तरस झाडावर कसा चढला, असं विचारू नका. मानाच्या फांदीवर कोण कसा चढला, हे विचारायचं नसतं.

तशी चढायची एक रीत होती. थंडी पडली की संमेलन भरायचं. संमेलनाचे कायमचे अध्यक्ष दंतोपंत हत्ती. त्यांच्या आजोबांनी नियम घालून दिला होता. पळसाची पानं टाचून एक पडदा उभा करायचा. कवीनं गुपचूप त्याच्या मागे जायचं आणि कविता म्हणायची. पुढे बसलेल्यांनी नुसत्या आवाजावरून कवी ओळखायचा. ज्याचं नाव निघेल, त्याला स्वतःचा आवाज आहे असं ठरायचं, आणि फांदी त्याची.

नियम चांगला होता. चांगल्या नियमाला फक्त एक खोड असते, तो पाळावा लागतो. बगळेशास्त्री पडद्यामागे गेले तेव्हा दुपार टळेपर्यंत आतून काहीच ऐकू आलं नाही, म्हणून लोक म्हणाले, बगळेशास्त्रीच असणार. मोरेश्वररावांचा पिसारा पडद्याच्या वर हातभर दिसत होता. आणि भाई तरसे आत गेले तेव्हा वारा तिकडून इकडे येत होता, वासावरूनच कळलं.

आता आपला नायक, भृंगराज. डोक्याला लावायच्या तेलाची बाटली नव्हे, पक्षी. काळा कुळकुळीत, कपाळावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारेच्या टोकाला झुलतं पीस. त्यातली एक तार मागेच गळून गेली होती. या जातीचा पक्षी बाकी सगळ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. ससाण्याचा काढून उंदराला पळवतो, माकडाचा काढून ससाण्याला चकवतो. पण आपल्या भृंगराजाला त्याचं काही कौतुक नव्हतं. त्यानं चार ओळींची एक कविता केली होती. स्वतःची, त्या गळलेल्या पिसावरची. ती पडद्यामागून म्हणावी आणि कुणीतरी "हा तर भृंगराज!" असं म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

तो दरवर्षी पडद्यामागे जायचा. दरवर्षी ती कविता म्हणायचा. मग कुणी म्हणायचं, सुतारपक्षी असेल. कुणी म्हणायचं, छे, सुतारपक्ष्याचं काम ठाशीव असतं. शेवटी बगळेशास्त्री डोळे न उघडता म्हणायचे, "होतकरू आहे कुणीतरी." झालं. भृंगराज पडद्याच्या मागूनच घरी जायचा.

घरी त्याची बायको तुराबाई. ती फटकळ, पण माप बरोबर ठेवणारी. भृंगराज दिवसभर साऱ्या जंगलाचे आवाज काढून घरी आला की ती म्हणायची, अत्तरवाल्याच्या बायकोची गत आहे माझी. त्याच्या अंगाला गुलाब, मोगरा, केवडा सगळ्यांचा वास, आणि हिनं रोज विचारायचं, अहो, तुमचा कुठला? आधी आंघोळ करून या.

असंच एका उन्हाळ्यात तुराबाई अंड्यांवर बसली होती. भृंगराज फुरंगटून शेजारी बसला होता. बसल्या बसल्या त्यानं एक पाय वर घेतला, मान आत ओढली, डोळे अर्धे मिटले आणि बगळेशास्त्र्यांच्या आवाजात म्हणाला:

पाणी.
पाण्यात मी.
माझ्यात पाणी.
मी नाही. पाणी नाही.
(मासा!)

आणि कंसातला मासा म्हणताना त्यानं अशी काही चोच मारली, की तुराबाई हसून हसून अंड्यांवरून घसरायची वेळ आली. तिनं पिसं सारखी केली आणि म्हणाली, "अहो, हेच म्हणा की यंदा तिथं. तुमची ती चार ओळींची मला आवडते, पण लोकांना मेली कळत नाही. हे निदान कुणाचं आहे ते तरी कळेल."

भृंगराज म्हणाला, "शास्त्रीबुवा चिडतील."

"चिडू देत. चिडले म्हणजे तुमचं नाव तरी घेतील."

मुलांनो, बायकोचा सल्ला हा नमुन्याच्या कापडासारखा असतो. हातात घेतला तेव्हा फार सुंदर दिसतो. अंगावर कसा बसेल, ते शिवल्यावर कळतं.

थंडी आली, संमेलन भरलं. भृंगराज पडद्यामागे गेला आणि ते सगळं जसंच्या तसं म्हणाला. चोचीसकट. इतका हशा त्या उंबरानं कधी ऐकला नव्हता. ससे गवतात लोळले. वानरांनी टाळ्या वाजवल्या. सगळे एका आवाजात ओरडले, "बगळेशास्त्री!"

आणि लगेच सगळे गप्प झाले. कारण बगळेशास्त्री तर समोर फांदीवर बसले होते.

आता शास्त्रीबुवा उठतील, चोच उगारतील, पडद्याची लक्तरं होतील, असं सगळ्यांना वाटलं. पण बगळा काही उगीच शास्त्री झालेला नव्हता. त्यानं आधी टाळ्यांचं वजन केलं. एवढ्या टाळ्या त्याच्या उभ्या हयातीत त्याला पडल्या नव्हत्या. त्यानं सावकाश एक डोळा उघडला आणि म्हणाला, "माझीच आहे ती. ऐन तारुण्यातली. हरवली होती."

दंतोपंतांनी अदबीनं विचारलं, की शास्त्रीबुवा, शेवटी तो कंसात मासा आहे, तो कशासाठी?

"मासा म्हणजे मोक्ष," बगळेशास्त्री म्हणाले आणि डोळा मिटला.

नाव बगळेशास्त्र्यांचं निघालं होतं, फांदीही त्यांचीच होती. भृंगराज पडद्याच्या मागूनच घरी गेला.

पण संमेलनात बसलेल्या कानाकोपऱ्यातल्या पाखरांना खरं काय ते माहीत होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी भृंगराजाच्या झाडाखाली मोरेश्वरराव येऊन उभे राहिले. पिसारा मिटलेला, चेहरा उतरलेला. भृंगराज घाबरून वरच्या फांदीवर गेला. मोरेश्वररावांनी बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. यंदा थंडी लवकर पडली म्हणाले. बोरं आंबट निघाली म्हणाले. मग एकदम विचारलं, "भृंगराज, आपलं काही वैर आहे का?"

"नाही बुवा."

"मी कधी तुमच्या घरट्याकडे वाकडी नजर केली?"

"कधीच नाही."

"मग मला का वगळलं?"

मोरेश्वररावांचे डोळे खरंच ओले झाले होते. म्हणाले, बगळ्यासारख्या बगळ्याची टिंगल होते आणि आमच्यासारख्याची होत नाही, मग लोकांनी काय समजायचं? आमच्यात टिंगल करण्याजोगंसुद्धा काही नाही, असंच ना?

भृंगराज मनाचा हळवा होता. त्यानं तिथल्या तिथं मान वाकडी केली, छाती काढली आणि मोरेश्वररावांच्या सुरात म्हणून दाखवलं:

सखे, तुझ्या डोळ्यांत मी पाहतो,
पाहतो, नि पाहतच राहतो.
किती गं सुंदर दिसतो मी!
जरा मान सरळ ठेव, राणी,
डावीकडचा पिसारा मावत नाही.

मोरेश्वररावांनी मिटल्या डोळ्यांनी ऐकलं. म्हणाले, वा, हा तर माझ्या प्रतिभेचा गाभा आहे. पडद्यामागून म्हणा, नक्की म्हणा. भृंगराजानं भीत भीत विचारलं, की माझी स्वतःची एक चार ओळींची कविता आहे, ऐकता का? मोरेश्वरराव म्हणाले, "अवश्य, अवश्य. पुढच्या खेपेला." आणि नाचतच गेले.

संध्याकाळी भाई तरसे आले. ते हसतच आले, कारण तरस रडत असला तरी हसतोच. त्यांचं म्हणणं सरळ होतं. टिंगल ही जनतेची पावती आहे. ज्या कवीची टिंगल झाली नाही, त्याला जनतेनं नाकारलं. आणि जनतेनं नाकारलेला क्रांतिकारक घेऊन कोण कुठं जाणार? तेव्हा साथी, माझंही एक होऊन जाऊ दे. भृंगराजानं त्यांचंही करून टाकलं:

उठा रे उठा, सिंहासन जाळा!
गुहेची भिंत उभी चिरा!
(पण राजे जेवून उठले असतील
तर ताटातलं उरलंसुरलं
जाळण्याआधी माझ्यासाठी काढा.)

तरसेभाईंनी विचार केला आणि म्हणाले, यात वास्तव आहे.

पुढं मग विचारू नका. जंगलात बाजार भरला, आणि या नकला सगळ्यांच्या तोंडी झाल्या. पारव्याला त्याच्या उसाशांची नक्कल पाहिजे. कासवाला त्याच्या महाकाव्याची पाहिजे, आणि ती मूळ काव्याइतकीच लांब पाहिजे. बेडूक तर येऊन म्हणाला, आधी तुम्ही माझी नक्कल करा, मग तशी कविता करायला मी सुरुवात करतो. आणि प्रत्येकाचं झाल्यावर भृंगराज विचारायचा, माझी चार ओळींची ऐकता का? प्रत्येक जण म्हणायचा, पुढच्या खेपेला.

आता इथं एक गंमत सांगतो. एका गावात एक पेढेवाला होता. पेढे झकास. त्याचं बघून समोर दुसऱ्यानं दुकान टाकलं आणि पाटी लावली, 'असली पेढेवाला'. मूळच्याला वाटलं, आपण मागे पडू. म्हणून तो असलीवाल्यासारखी साखर जास्त घालायला लागला. पुढं पुढं लोक त्याच्या दुकानात आले की म्हणायचे, हे असलीसारखे लागतात खरे, पण असली नव्हेत.

तसंच झालं. बगळेशास्त्र्यांनी नव्या कवितांच्या शेवटी कंसात मासा टाकायला सुरुवात केली. एकदा कंसात बेडूक टाकून पाहिला, तर लोक नाराज झाले. मोरेश्वररावांच्या प्रत्येक कवितेत सखी मान सरळ ठेवायला लागली. तरसेभाई क्रांतीच्या आधी जेवणाची चौकशी करायला लागले. आणि ऐकणारे आपसात म्हणायला लागले, भृंगराजाची बरीच छाप आहे हो यांच्यावर.

हे बोलणं फिरत फिरत दंतोपंतांच्या कानावर गेलं. हत्तीचे कान मोठे, तेव्हा गेलं ते पुरतं गेलं. दंतोपंतांनी ठरवलं, यंदाच्या संमेलनात फांदीवरच्या तिघांनीही पुन्हा पडद्यामागे जायचं. काय ते एकदा दूध का दूध होऊन जाऊ दे. आणि या वेळी मोरेश्वररावांनी पिसारा दाबून बसायचं, तरसेभाईंनी वास इकडे येणार नाही अशा बेतानं उभं राहायचं, आणि शास्त्रीबुवांनी प्रत्यक्ष काहीतरी बोलायचं.

संमेलन भरलं. आधी पडद्यामागे बगळेशास्त्री गेले. बिचारे जीव तोडून म्हणाले. पाणी म्हणाले, मी म्हणाले, कंसातला मासासुद्धा म्हणाले. समोरून एकच आवाज आला, "भृंगराज!"

भृंगराज गवतात तुराबाईशेजारी बसला होता. त्याला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

मग मोरेश्वरराव गेले. "भृंगराज! पण जरा घाईत केलीय." मग तरसेभाई गेले. "भृंगराज! आवाज बसलाय आज." एक म्हातारं वानर तर म्हणालं, भृंगराज एवढा चांगला नकलाकार, पण तरस त्याला अजून नीट जमत नाही.

तिघांचं नाव निघालं नाही, म्हणून तिघे खाली उतरले आणि गवतात बसले. होतकरू झाले. ज्याचं नाव निघालं, फांदी त्याची, हा तर आजोबांचा नियम. दंतोपंतांनी सोंड उंच करून जाहीर केलं, की असा ठसठशीत, असा एकमेवाद्वितीय आवाज या जंगलानं पूर्वी ऐकला नव्हता. भृंगराजांनी फांदीवर यावं.

भृंगराज उठला. पण फांदीकडे गेला नाही. म्हणाला, "महाराज, एकदा मला पडद्यामागे जाऊ द्या. आज नाव निघालंच आहे माझं, तर आज ओळखतील."

दंतोपंत म्हणाले, आता त्याची काय गरज? पण सत्कारमूर्तीचं मन मोडू नये, म्हणून त्यांनी परवानगी दिली. लोकांना मात्र वाटलं, भृंगराज बसला असेल कुठंतरी, हा मधेच दुसरा कुणीतरी आत शिरला. संमेलनात एवढी वर्दळ असते, की कोण उठलं आणि कोण गेलं, पत्ता लागत नाही.

पडद्यामागून आवाज आला. कुणाचाच नव्हता तो आवाज. थोडा घोगरा, थोडा घाईचा:

शेपटीची एक तार गळून पडली.
उडताना आता डावीकडे कलत जातो.
घर त्याच बाजूला आहे,
म्हणून कुणाला सांगितलं नाही.

पानावरून दव घसरल्याचं ऐकू आलं. पडद्यामागे भृंगराज कान टवकारून उभा होता.

मग एका सशानं दुसऱ्याला विचारलं, ही कुणाची नक्कल? दुसरा म्हणाला, कळत नाही बुवा. तिसरा म्हणाला, मासा कुठाय? तेवढ्यात गवतातून तुराबाई म्हणाली, "अहो, आमचे हे आहेत ते!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दंतोपंत म्हणाले, "बाई, आमचे हे म्हणून चालत नाही. इथं बसलेल्या सगळ्याच बायकांचे कुणी ना कुणी हे आहेत. नियमात नाव लागतं."

आता त्या जंगलात बायकोनं नवऱ्याचं नाव घेण्याची चाल नव्हती. घ्यायचंच तर लग्नाकार्यात, उखाण्यात गुंडाळून घ्यायचं. उघडं नाव घेतलं की जीभ झडते, असं सासवा सांगायच्या. बायकांनी लगेच आग्रह सुरू केला, की घे गं उखाणा, घे, लाजू नकोस. एकदोघींनी यमकंसुद्धा पुरवली. तुराबाईला त्यातलं एकही पटेना. उखाणे तिला ढिगानं येत होते, पण ते सगळे दुसऱ्यांच्या लग्नात ऐकलेले.

ती उभी राहिली. पडद्याकडे बघून नुसतं म्हणाली, "भृंगराज."

बायका दचकल्या. तोंडावर पंख गेले. मागच्या बाजूला कुणीतरी खुदखुदलं आणि मग हसू सगळीकडे पसरलं. दंतोपंतांनी सोंडेनं शांत केलं. म्हणाले, घरच्यांची साक्ष धरता येत नाही. आजोबांनी तसं लिहून ठेवलेलं नाही, पण त्यांच्या मनात तेच असणार.

भृंगराज पडद्याबाहेर आला. त्याला पाहून लोक गोंधळले. मग त्यांना आपल्या आवडत्या कवीची कीव आली. दंतोपंतांनी त्याला जवळ घेतलं. मोठ्या प्राण्यांना जमतं तसं, फार मायेनं.

"फांदी तुमचीच आहे," ते म्हणाले. "त्यात बदल नाही. पण वडीलकीच्या नात्यानं एक सांगतो. हे शेवटचं म्हणालात ना, ते पुन्हा कुठं म्हणू नका. त्यात तुम्ही कुठं दिसलाच नाहीत."

भृंगराजानं गवतात पाहिलं. तुराबाई उठून घराकडे उडाली होती.

मग तो फांदीवर चढला. खालून हाक आली, बगळेशास्त्री होऊन जाऊ द्या! त्यानं सवयीनं एक पाय वर घेतला, मान आत ओढली आणि डोळे अर्धे मिटले. अजून काही बोलला नव्हता, तरी उंबराखाली टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या गवतात बसलेले बगळेशास्त्री वाजवत होते.

तात्पर्य: आपला आवाज चारचौघांनी ओळखावा असं वाटत असेल, तर तो आयुष्यात कधीही काढू नये.